मुनिमाची गादी

सरकीचा वास आला की मला यवतमाळच्या कॉलेजातला पहिला दिवस आठवतो. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. तोच वास अंगावर घेऊन ते मला सोडायला आले होते. आम्ही बौद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती.

सर सांगत होते, "इथं जमाखर्च शिकाल, ताळेबंद शिकाल. मग कुठल्याही पेढीवर मुनीम व्हाल."

बाबांनी दारातूनच विचारलं, "मुनीम तं गादीवर बसते. याले बसू देतीन काय जी?"

सर बोटांवरची खडूची पूड झटकत राहिले. मला वाटलं, सरांना बाबांची बोली समजली नाही.

पुढे एका पेढीवर मुनिमाची नोकरी लागली. शेठ हसून म्हणाले, "तुझ्यासाठी मुद्दाम वेगळं स्टूल आणलंय."

सरांना सगळं समजलं होतं.