पंगत उठेपर्यंत खुर्ची सरळ!

आमच्या ऑफिसात किस्से कोणी गोळा करत नाही. ते ट्रॉलीबॅगेच्या चाकांना चिकटून आपोआप घरी येतात! गंगापूर रोडवर दोन टेबलांचं आमचं टूरचं ऑफिस. गिऱ्हाईक सगळं साठीच्या पुढचं. लोकांना वाटतं, परदेशातल्या बाजारात, बोटीत, हॉटेलात धमाल होत असेल. तीही होते. पण आमचे निम्मे किस्से विमानात घडतात, तेही जेवण आल्यावर आणि त्या मागे झुकणाऱ्या सीटच्या पायी!

मी लीडर असलेल्या केरळच्या टूरमध्ये एका काकांनी जेवणाच्या ऐन वेळी सीट मागे टाकली आणि मागच्या काकूंचं सांबार त्यांच्याच साडीवर. मी म्हणाले, "काका, ही सीट आहे, तुमच्या घरचा झोपाळा नाही!" काकांनी परत आल्यावर माझ्याविरुद्ध पानभर तक्रार लिहिली. सांबाराचा त्यात उल्लेखही नव्हता.

म्हणून व्हिएतनामला निघताना आमच्या बागूल सरांनी मला समोर बसवलं. "केतकी, एकवीस ज्येष्ठ तुझ्या हवाली करतोय. शेवटी सगळे अभिप्रायाचे फॉर्म भरतील. तुझ्याविरुद्ध एक तक्रार आली, तर जपानचा ग्रुप विसर."

जपान! दोन वर्षं मी देशातल्या देशात आणि आसपास फिरतेय, आठ महिने जपानी शिकतेय, ते काय ऑफिसातला फोन उचलायला?

"मग काय, तोंडाला कुलूप लावू?"

"लाव. आणि किल्ली इथे ठेवून जा."

*

मुंबईहून विमान उडालं. पट्ट्याचा दिवा विझला आणि पवारसाहेबांची सीट धाडकन मागे गेली. पवारसाहेब म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले इंजिनिअर. जेवणाची गाडी रांगेपाशी आलेली. मागच्या बाई टोमॅटोचा रस हातात धरून श्वास रोखून बसल्या होत्या.

"साहेब, जेवण होईपर्यंत सीट सरळ ठेवायची असते."

"कोणत्या नियमात? बटण दिलंय म्हणजे दाबायलाच दिलंय ना!"

कुलूप निघालंच. "साहेब, एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्येही लाल बटण होतं ना? रोज दाबायचात?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. सीट हळूहळू सरळ झाली.

"चौतीस वर्षांत एकदाच दाबलं," ते म्हणाले. "चुकून. अर्धा दिवस कोणी बोललं नव्हतं माझ्याशी."

*

जेवण उरकलं तसं पुढच्या रांगेतल्या कोणीतरी सीट मागे टाकली. मग त्याच्या मागच्याने, मग त्याच्याही मागच्याने. शेवटच्या रांगेत होते नामपूरचे आबा, कांद्याचे व्यापारी. मी गेले तेव्हा समोरची सीट त्यांच्या टोपीला टेकली होती आणि चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरला होता.

"आबा, तुम्हीही घ्या ना मागे."

"मनी खुर्ची मांगे जास नही, माय! आमना मार्केटमा पहिला ट्रॅक्टर मांगे उना, ते सगळी लाईन मांगे येस. पन शेवटलानी कोठे जावानं?" त्यांनी अंगठ्याने पाठीमागे खूण केली. "मना मांगे ते संडास शे!"

*

सगळ्यात जास्त चिडले ते माईंवर. माई आणि नाना निफाडचे. पंधरा एकर द्राक्षबाग, दोन सुना, सात नातवंडं. माई तीन तास काठीसारख्या ताठ.

"माई, जेवणं झालीत. टेका की मागे!"

"मागच्याला काय वाटंल?"

मागची सीट रिकामी होती! मी तसं सांगितलं. माईंनी वळून बघितलं, खात्री केली आणि पुन्हा ताठ. "सवय नाय गं."

मला संताप येतो या सवयीचा. आयुष्यभर सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवायचं, भिंतीला पाठ लागली की उठून बसायचं, आणि वर म्हणायचं सवय नाही! मी वाकले आणि स्वतःच बटण दाबलं.

"अगं बाई, पाडलंस की मला!"

दोन मिनिटांत माई घोरत होत्या. उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "हे बटन घरच्या खुर्चीला बसवून मिळंल का?"

नाना म्हणाले, "घरी खुर्चीत बसती कधी तू?"

"बटन बसवा. मग बसते!"

*

मध्ये एकदा विमान बदलायचं होतं. दुसऱ्या विमानात चढण्याआधी नानांनी सगळ्यांना गोळा केलं. गावातल्या लग्नांत चाळीस वर्षं पंगती उठवलेला माणूस. पवारसाहेब आणि आबांची कहाणी ऐकून त्यांनी जाहीर केलं, "आता आपला एकच नियम. पंगत. समद्यांना वाढून होईस्तोवर कोणी घास घ्यायचा नाय, आन् समद्यांचं होईस्तोवर कोणी आडवं व्हायचं नाय. पंगतीत कोणी आडवं होतं का?"

निम्मा नियम मला एकदम पटला. उरलेल्या अर्ध्याने घात केला!

आमची माणसं विमानभर विखुरलेली. पुढच्यांना जेवण मिळालं, त्यांनी हात जोडून ठेवले. गाडी रांगेरांगेने सरकत होती. भात गार पडत होता. क्रूमधली मुलगी घाबरली. "सर, इज समथिंग राँग विथ द फूड?"

"नो, नो," नाना म्हणाले. "लास्ट रो कमिंग."

माईंच्या शेजारी एक व्हिएतनामी तरुण होता. त्याने काटा उचलला, आजूबाजूला बघितलं आणि खाली ठेवला. त्यानेही हात जोडले! माईंनी त्याच्या ट्रेमध्ये शेंगदाण्याची चटणी वाढली. शेवटी आबांचाही ट्रे आला आणि त्यांनी मागून हात वर केला, "उनं, उनं!" तेव्हा पवारसाहेबांनी खणखणीत आवाजात श्लोक सुरू केला. पुढचे प्रवासी उभे राहून मागे बघायला लागले. कोणीतरी मोबाईल काढला.

आणि माझा तोल गेला. "नाना, हे विमान आहे, लग्नाचा मांडव नाही!"

श्लोक अर्ध्यावर थांबला. एकवीस माना माझ्याकडे वळल्या.

"बरं," नाना म्हणाले.

एवढंच. निफाडकडचा म्हातारा माणूस भांडला तर काळजी नसते. तो नुसता "बरं" म्हणाला की समजायचं, नोंद झाली. मी खाली बसले आणि मनातल्या मनात जपानला हात हलवला.

*

पुढचे सात दिवस नाना माझ्याशी गोड वागले. त्यामुळे माझी भीती आणखी वाढली. पंगतीचा नियम मात्र प्रत्येक हॉटेलात चालू राहिला आणि खरं सांगते, तिसऱ्या दिवसापासून मीही शेवटचं ताट येईपर्यंत थांबायला लागले. कोणाला सांगू नका.

परतीच्या दिवशी पहाटेपासून माझी पळापळ. आबांची बीपीची गोळी हॉटेलात राहिली, ती आणली. पवारसाहेब चुकीच्या बसमध्ये चढले, त्यांना उतरवलं. एकवीस माणसं, एकोणचाळीस बॅगा. दुपारी विमानात बसले. माझ्या मागच्या सीटवर नाना. पट्टा लावला ते आठवतं. सीट कधी मागे घेतली, ते आजही आठवत नाही.

जाग आली ती कोणीतरी खांदा हलवल्यामुळे. क्रूमधली मुलगी होती, अगदी रडवेली.

"मॅम, प्लीज. दे आर नॉट ईटिंग."

मी डोळे चोळले. पलीकडे पवारसाहेब. समोर ट्रे, वरचं झाकण तसंच बंद. त्यांच्यापुढे माई, झाकण बंद. मी उठून मागे बघितलं. रांगेमागून रांग, आमच्या सगळ्यांची झाकणं बंद.

नानांपुढचं टेबल अर्ध्यावर अडकलं होतं, कारण माझी सीट त्यांच्या छातीला टेकली होती. गार झालेला ट्रे त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी तोलून धरला होता.

"नाना! उठवायचं ना मला!"

"ती पोरगी मघाच उठवत व्हती. म्याच थांबवलं."

"किती वेळ झाला?"

"पंगतीतलं एक मानूस झोपलं व्हतं," नाना म्हणाले. "घाई काय हाय?"

शेवटच्या रांगेतून आबांचा आवाज आला, "आते जेवानं का, माय?"

मी सीट सरळ केली. एकवीस झाकणं एकदम उघडली.

*

कसारा घाटात बसमध्ये फॉर्म भरले गेले. नाना हाताचा आडोसा करून खूप वेळ लिहीत होते.

तीन दिवसांनी सरांनी बोलावलं. टेबलावर एकवीस फॉर्म. "वीस फॉर्म स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "एकावर तक्रार आहे."

नानांचं अक्षर मी ओळखलं. सरांनी चष्मा लावून वाचलं, "'तक्रार : लीडर पोरीची खुर्ची पुरती मागे जात नाही. अर्ध्यात अडकते. तिची झोप झाली नाही. कंपनीने लक्ष द्यावे.'"

माझ्या तोंडाचं कुलूप पहिल्यांदाच नीट बसलं होतं.

"नियम म्हणजे नियम. तक्रार आली," सर म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. जपानची यादी. पहिली दोन नावं नाना आणि माईंची. नानांच्या नावापुढे, जिथे आम्ही जेवणाची पथ्यं लिहून घेतो, तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं :

"जागा — पोरीच्या मागचीच."