फळीच्या पोटावरची अक्षरं

ती फळी मी घासली. मला कोणी घासायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कोणी जाब विचारला असता तर मी ठणकावून सांगितलं असतं, घाण होती म्हणून घासली. आता तसं सांगता येत नाही.

मुलगा आयर्लंडला येऊन चौदा वर्षं झाली. मी कायमची आले ती यजमान गेल्यावर. घर स्लायगोच्या बाहेर, समुद्रापासून गाडीने दहा मिनिटांवर. मुलगा कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो आणि उरलेल्या वेळात जुने सर्फबोर्ड जमवतो. लाटेवर उभं राहून घसरायच्या फळ्या त्या. मी फळीच म्हणते. गॅरेजमध्ये अशा अकरा फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि गाडी बाहेर पावसात. सून म्हणायची, "आई, अकरा सवती सांभाळतेय मी." हसत म्हणायची, पण गाडीची काच पुसायला रोज तीच जायची.

त्याला फळीपेक्षा फळी करणाऱ्याचं वेड जास्त. फळीला आकार देणाऱ्या कारागिराला शेपर म्हणतात. कोणाचं टोक बोथट, कोणाची शेपटी चौकोनी, कोणाच्या कडा गोल, हे त्याला डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. पूर्वी इथे फळ्या विकत मिळत नव्हत्या. लोकांनी आपापल्या शेडमध्ये प्लायवुडच्या केल्या, आतून पोकळ. फोमच्या नंतर आल्या. लाकडाच्या कुजल्या, जळणात गेल्या, खुराड्याची दारं झाल्या. हे सगळं त्याने मला कितीदा तरी सांगितलं. मी भाजी निवडत हं हं करायचे. मनात म्हणायचे, याच्या आजोबांनी जन्मभर लाकडाला आकार दिला, त्यांच्याबद्दल याने कधी एक प्रश्न विचारला नाही.

माझे वडील कोकणात होड्या बांधायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्या हाताखाली लागले. रंध्याला हात लावू द्यायचे नाहीत, घासायचं काम माझं. आबा कानामागची पेन्सिल काढून लाकडावर रेघा मारायचे, आकडे टाकायचे. होडी द्यायच्या आदल्या दिवशी म्हणायचे, "पोरी, एक खूण दिसता कामा नये. खुणा ठेवून होडी देतो तो सुतार नव्हे." मग मी होडीच्या पोटाखाली आडवी होऊन सगळ्या खुणा घासून काढायचे आणि वरून मोरी माशाचं तेल चोपडायचे. अंगाचा वास आठ दिवस जायचा नाही. शेजारच्या मुली जवळ बसायच्या नाहीत.

बारावी फळी लाकडाची होती. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, माळ्यावर, गवताखाली सापडली. बाळंतिणीला घरी आणावं तशी मुलाने ती ब्लँकेटात गुंडाळून आणली. वॉर्निश कधीच उडालेलं, लाकूड राखेच्या रंगाचं, वर शेणाचे डाग. पोटावर पेन्सिलीने पाचसहा ओळी लिहिलेल्या, अगदी पुसट. मुलाने टॉर्च तिरका धरून पहिली ओळ लावली. ते एका बाईचं नाव होतं. त्या नावावरून दोन हिवाळे विचारत विचारत तो एका म्हातारीपर्यंत पोचला. फळी तिच्या नवऱ्याने केलेली. तो स्वयंपाकघरातली कपाटं करणारा सुतार. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. लग्नाआधी त्याने तीन-चार फळ्या केल्या होत्या. आता तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची एकही फळी तिच्याकडे उरली नव्हती, आणि त्याच्या हातची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. लिहिणारा माणूसच नव्हता तो. मुलाने फोनवर सांगितलं, फळीवर तुमचं नाव आहे, खाली आणखी काही लिहिलंय, पण मला लागत नाही. ती म्हणाली, रविवारी येते, मला त्याचं अक्षर लागेल.

शनिवारी मला यातलं एवढंच माहीत होतं की उद्या एक पाहुणी फळी बघायला येणार आहे. बाकीचं तो बोलला असणार. मी हं म्हटलं असणार.

दुपारी दोघं बाजाराला गेली. मी गॅरेजमध्ये गेले. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली. पाहुणीपुढे असलं लाकूड ठेवायचं? मला लाज वाटली. पॉलिशपेपर समोरच होता. जवसाच्या तेलाचा डबा वासावरून ओळखला. वरची बाजू घासून झाल्यावर फळी उलटी केली, तर पेन्सिल दिसली. मला इंग्रजी वाचता येत नाही. मधे मधे आकडे होते, म्हणून मला ती सुताराची मापं वाटली. आणि खरं सांगते, त्या माणसाचा रागच आला. खुणा न पुसता काम हातावेगळं केलं होतं त्याने. मी त्या नेटाने काढल्या. तीन तास लागले. तेल पाजल्यावर लाकडाला गुळाचा रंग आला. हात भरून आले होते, पण इतकं बरं मला या देशात एकदाही वाटलं नव्हतं.

मुलगा आला आणि दारातच थांबला.

"आई, हे काय केलंस?"

"बघ आता कशी दिसते."

त्याने फळी उलटी केली.

"खालची बाजूपण घासलीस?"

"अर्धवट काम करायची सवय नाही मला."

तो रंगाच्या डब्यावर बसला. सून मागे पिशव्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अरे, फोटो असतील ना?" होते. टोकाचे, शेपटीचे, कडांचे ढीगभर. पोटाचे दोनच, आणि त्यात नुसतं करडं फरफटलेलं दिसतं. मग त्याने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

रविवारी पाहुणी आली. माझ्याच वयाची, थोडी वाकलेली. घरी भाजलेला ब्रेड फडक्यात बांधून आणला होता. गॅरेजमध्ये शिरताच तिने पर्समधून दुसरा चष्मा काढून लावला, वाचायचा. मुलगा बोलायला लागला. मला इंग्रजी येत नाही, पण वेदर हा शब्द कळतो. इथे तो दिवसातून वीसदा कानावर पडतो.

"काय सांगतोयस तिला?"

"आई, तू जरा आत जा ना."

"हवेने पुसलं म्हणतोस?"

"मग काय सांगू? बिचारीला कशाला उगाच…"

"तिला नाही, मला वाचवतोयस तू. मी घासलं म्हणून सांग. सांगतोस की मी सांगू?"

मग मी पॉलिशपेपर उचलला, फळीच्या पोटावरून हात मागे-पुढे करून दाखवला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिला कळलं. तिने चष्मा काढला आणि मुलाला काहीतरी विचारलं.

"का, म्हणून विचारतायत," तो म्हणाला.

"सांग, माझा बाप होड्या बांधायचा. पेन्सिलीची खूण राहिली तर काम वाईट, असं त्याने शिकवलं. मला वाटलं मापं आहेत."

या वेळी मुलाने काही गाळलं नाही. किती वेळ लागला त्यावरून मला समजलं. ती ऐकताना मान हलवत होती. मग तिने फळीवर तळवा ठेवला आणि हळू आवाजात चार शब्द बोलली. मुलाला ते मला सांगायचं नव्हतं. मी त्याचा दंड धरला.

"त्या म्हणतात, त्यांचा नवरापण तसाच होता. कपाट देण्याआधी एकेक रेघ ओल्या फडक्याने पुसायचा. कधी खूण सोडली नाही त्याने."

म्हणजे ही त्याने मुद्दाम ठेवली होती. हे कोणी बोललं नाही. तिघांनाही कळलं.

इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात. चहा ग्रँड, पाऊस थांबला ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. ती ग्रँड म्हणाली नाही. अर्धा कप चहा प्यायली. फळी घेऊन जा असं मुलगा म्हणाला, तर नको म्हणाली. निघताना तिने माझा हात धरला. माफ केलं असं मला वाटत नाही. म्हातारी माणसं पायरी उतरताना हात धरतातच.

आबांनी किती होड्या केल्या, मला ठाऊक नाही. एखादी अजून कुठे वाळूत पडली असेल, तर ती त्यांची हे मला ओळखता येणार नाही. खुणा मीच पुसल्या. मुलाने आजोबांबद्दल विचारलं नाही म्हणून मी मनात रुसून बसले होते. सांगायला तोंड मलाही होतं.

मुलाची एक जाड वही आहे. कोणती फळी कोणी केली, कुठे सापडली, तिचं पुढे काय काय झालं, सगळं तो त्यात लिहितो. या फळीचं पान मी त्याला वाचून दाखवायला लावलं. शेवटी लिहिलं होतं, खालचा मजकूर आता दिसत नाही.

"कोणी घालवला?" मी विचारलं.

"ते कशाला लिहायचं, आई?"

"वही खरी आहे ना तुझी?"

मी पेन्सिल मागून घेतली आणि त्याच्या इंग्रजीखाली माझ्या चौथीतल्या अक्षरात लिहिलं: ही फळी मी घासली. तिच्यावर लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं. आधी विचारायला हवं होतं.

तो म्हणाला, "आई, हे इथे कोण वाचणार?"

"तू वाचून दाखव," मी म्हटलं. "आणि वेदर म्हणू नकोस."