विलासला धाडलेले आवतण

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो आणि अकराच्या सुमारास पनवेलला उतरलो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा विलास आठ महिन्यांपूर्वी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाडीखाली सापडून गेला. त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या हळदीला त्याच्या आईने मला बोलावले होते. जावे की नाही, हे बसमध्येही मला ठरवता येत नव्हते.

उरणच्या गाडीतून मी चुकून एक थांबा आधीच उतरलो. मग मिठागरांच्या बांधावरून चालत गेलो. पांढऱ्या ढिगांवरच्या उन्हाने डोळे दिपत होते. गावात विलासच्या घरी पोचलो तेव्हा पँट चिखलाने भरली होती.

"पुन्याचा पावना मिठात राबून आला काय?" दारातली एक शेजारीण हसली. "बस, आदी खा."

तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) वाढता वाढता तिने हळूच सांगितले, की या घरात विलासचे नाव कोणी घेत नाही. घेतले की त्याचे वडील उठून जातात.

विलासची आई आली. "परीक्षा झाली?" एवढेच विचारून आत गेली.

दुपारी मांडवात बायका उखळाभोवती बसल्या. इथल्या आगरी घरांत लग्नाचे विधी धवलारीण (धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी जाणती बाई) पार पाडते. ती ओळ म्हणते, बायका तीच परत म्हणतात. त्याशिवाय ती पुढे जात नाही. आवतणाच्या धवल्यात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने बोलावतात.

विलासचे वडील पुढे आले. "आत्ये, त्याचा नाव नको. पोरीला आज हलद लागायची हाय."

"आख्ख्या गावाला बोलावलास," म्हातारी धवलारीण म्हणाली, "आन् घरच्या पोराला नाय?"

"तो गेला."

"तुजा बापूस पन गेलाय. त्याला बोलावताना नाय आडवा आलास."

वडील मांडवाच्या खांबाला टेकून बसले. देव झाले, आजोबा झाले, आजी झाली. मग म्हातारीने डोळे मिटून म्हटले, "आवतन धाडा गो विलासदादाला."

कोणी ओळ उचलली नाही. सगळ्या वडिलांकडे बघत होत्या. म्हातारीने पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. मग विलासच्या आईचा आवाज आला, बारीक आणि बेसूर. एकटीने ती ओळ पुरी केली. त्यानंतर एकेक बाई म्हणू लागली. वडील उठले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावर घेतला आणि धवला संपेपर्यंत काढला नाही.

निघताना मी आईंच्या पाया पडलो. काही बोलायला हवे म्हणून म्हणालो, "गाण्याने थोडे बरे वाटले असेल."

"बरा कशाला वाटंल, बाला? तो येयाचा नाय, ते मना (मला) ठावं हाय. पन आठ महिने त्याचा नाव कोनी घेऊ देत नव्हता."

परतीच्या गाडीत मला आमच्या मराठीच्या पेपरातला काव्याच्या प्रयोजनाचा प्रश्न आठवला. माझ्या पाठ उत्तरात आनंद आहे, उपदेश आहे, कीर्ती आहे. आईला चारचौघांत मुलाचे नाव घेता यावे, हे त्यात कुठेच नाही. पण दुपारी मीही गप्पच बसलो होतो. बायकांचे गाणे आहे, अशी मनाची समजूत घातली होती.

घाट लागल्यावर खिडकीकडे तोंड करून मी ती ओळ म्हटली.

शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "काही म्हणालात?"

"विलास," मी म्हणालो. "माझा मित्र होता."