शेपटीचा पतंग

पतंग पुरुषांनी उडवायचा आणि फिरकी बायकांनी धरायची, अशी आमच्या लालबागच्या चाळीत वाटणी होती. मी परकर नेसत होते तेव्हापासून दादाची फिरकी धरत आले. ढील दे म्हटलं की ढील द्यायची, गुंडाळ म्हटलं की गुंडाळायचं. पतंग कापला गेला की फिरकीवालीला शिव्या खायला लागायच्या आणि दुसऱ्याचा कापला की सगळी वाहवा दादाची. हा अन्याय मला तेव्हाही कळत होता, पण दादापुढे बोलायची सोय नव्हती.

त्या वर्षी मात्र दादाच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता. दिवाळीनंतर सीमेच्या सत्याग्रहाला म्हणून तो बेळगावकडे गेला, आणि गेला तो तिकडच्या तुरुंगातच जाऊन बसला. जाताना आपल्या पोराला शब्द देऊन गेला होता, की यंदा संक्रांतीला तुला तुझा पहिला पतंग आणीन. संक्रांत तोंडावर आली, दादा काही आला नाही.

माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा. मोर्चे, सभा, घोषणा ह्यांतच वाढलेलं पोर ते. त्यानं गॅलरीतली सगळी चिल्लीपिल्ली गोळा केली, लाटण्याला फडकं बांधून झेंडा केला आणि आमच्या दारावर मोर्चा आणला. "पतंग मिळालाच पाहिजे!" हा पुढे ओरडतोय आणि मागची पोरं "झालाच पाहिजे!" म्हणताहेत. शेजारच्या खोल्यांतल्या बायका पोट धरधरून हसल्या. मी लगेच म्हटलं, चल, मी आणते तुला पतंग.

वहिनीनं मला मोरीपाशी गाठलं. "वन्सं, आणा तुम्ही पतंग. पण असा आणा की कापला जाणार नाही."

"अगं वहिनी, पतंग कापला जायचाच. तो काय पाटा-वरवंटा आहे?"

"ते मला काही ठाऊक नाही. पोरगं रडता कामा नये."

तिचं खोटं नव्हतं. दादा गेल्यापासून त्या पोराला काही हरवलेलं चालत नव्हतं. पेन्सिल हरवली की रड, सदऱ्याचं बटण तुटलं की रड, लाडू खाऊन संपला तरी रड. आणि तो रडायला लागला की वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मला ते बघवायचं नाही. मी तिला वचन देऊन टाकलं, की तुझं पोर रडणार नाही. वचन द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं!

बाजारात एक वह्या-पेन्सिलींचा दुकानदार संक्रांत जवळ आली की दुकानभर पतंग टांगायचा. आम्ही आत्या-भाचा तिथे जाऊन उभे राहिलो. पोराची पसंती म्हणजे एक प्रकरण होतं. हा नको, लहान आहे. हा नको, माझ्याकडे बघतोय. हा नको, ह्याचं तोंड रडकं आहे. बरं, पतंगाला तोंड कुठे असतं ते त्याचं त्यालाच माहीत. मला हवा होता भक्कम. मग मी दादाची सगळी लकब उचलली. पतंग उजेडात धरून बघितला, मधली कामटी नखानं टिचकावली, मान हलवली. दुकानदारही जरा अदबीनं बघायला लागला. अंगात वारं शिरलं, दुसरं काय! आडवी कमान ताठ वाटली की दादा पतंग डोक्यावर धरायचा, दोन्ही टोकं खाली ओढायचा आणि डोक्यावर घासून कमान नरम करायचा. मीही एक लालभडक पतंग घेतला आणि डोक्यावर चांगला खसाखसा घासला.

दुसऱ्या दिवशी भोगीचं न्हाणं होतं. म्हणून आम्ही बाजारात निघण्याआधी सकाळीच वहिनीनं माझ्या डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं होतं.

पतंग खाली घेतला तर त्याच्या मधोमध तळहाताएवढा डाग. तिथला कागद तेल पिऊन काचेसारखा आरपार झालेला. दुकानदार आधी पतंगाकडे बघत राहिला, मग माझ्या डोक्याकडे. "बाई, ये क्या किया? तेल का पतंग अब कौन लेगा?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात भाच्यानं पतंग माझ्या हातातून ओढला, डागाला डोळा लावला आणि आभाळाकडे बघितलं. "आत्या! ह्याला खिडकी आहे!"

झालं. पहिला पतंग ठरला. मी निवडला असं कुठल्या तोंडानं सांगू?

घरी येताना जिन्यातच वरच्या मजल्यावरचे काका भेटले. गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे, पण खरी मिजास पतंगाची. संक्रांतीला अख्खी गच्ची ह्यांच्या हुकमात. त्यांनी पतंग उलटापालटा केला, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "गो बाय, ह्यो पतंग की पापड?"

मी वहिनीची अट सांगितली. त्यावर ते गंभीर झाले. पोराकडे एकदा बघून म्हणाले, "मगे ह्येका शेपटी लाव. शेपटीवाल्याशी कोण पेच घेणा नाय. बारक्या पोराचो पतंग कापल्यार इज्जत जाता."

हा कायदा मलाही ठाऊक होता, पण वेळेला आठवला नव्हता. शेपूट असलेला पतंग म्हणजे दुधाचे दात असलेलं पोर, त्याच्या वाटेला कोणी जात नसे. डिलाईल रोडपासून परळपर्यंत कुठल्याही गच्चीवर हा कायदा पाळला जायचा. मी आनंदानं दादाच्या जुन्या धोतराची हातभर लांब पट्टी फाडली आणि पतंगाला बांधली. दोरा अडकवायची कण्णी काकांनी बांधून दिली. दोरा साधाच ठेवला, मांज्यानं पोराची बोटं कापली असती. वहिनी त्या दिवशी मनापासून हसली आणि मला वाटलं, आपण लढाई जिंकली.

संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी काकांना म्हटलं, तुम्ही उडवा. ते चार पावलं मागे सरले. "शेपटीचो पतंग? मी नाय उडवूचंय. लोक काय म्हणतले?"

मग उडवायचा कोणी? मी पदर खोचला आणि फिरकी पोराच्या हातात दिली. इतकी वर्षं दोरा नुसता बाजूनं जाताना बघितला होता, तो आज माझ्या बोटांत आला. पतंग वर गेला, वाऱ्यानं त्याला उचललं आणि दोऱ्याला अशी काही ओढ लागली की मी चवड्यांवर उभी राहिले. एवढं सुख हे पुरुष गुपचूप भोगत होते! मला दादाचा त्या क्षणी भयंकर राग आला, आणि त्याची तितकीच आठवणही आली.

पतंग डौलात उभा होता. चारी बाजूंनी पेच लागत होते, "कापला रे कापला" चाललं होतं, आणि आमच्या पतंगाजवळ आलेला प्रत्येक पतंग शेपूट बघून बाजूला होत होता. सोवळ्यातल्या माणसाला वाट द्यावी तशी सगळे आम्हाला वाट देत होते. मी खूश होते. पोर मात्र बाजूला होणाऱ्या एकेका पतंगाकडे मान वळवून बघत होतं.

"आत्या, आपल्याशी कोणीच का लढत नाही?"

"शेपूट आहे ना, म्हणून. आपला पतंग लहान मुलाचा आहे."

"मी लहान आहे म्हणून?"

"हो रे राजा."

त्यानं फिरकी खाली ठेवली. "मग शेपूट काढ."

मी खूप समजावलं. शेपूट काढली की पतंग कापतील, कापला की परत यायचा नाही, मग तू रडशील, मग आई काय म्हणेल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांना पोलीस पकडणार हे माहीत होतं ना? तरी ते गेले ना?"

मोठ्या माणसांच्या तोंडची वाक्यं पोरांच्या कानांवर पडतात आणि मग ती आपल्यावरच येऊन आदळतात. मी पतंग उतरवला. शेपटीची गाठ त्यानं स्वतः सोडवली, दातांनी.

बिनशेपटीचा पतंग वर गेला तो झोकांड्या खातच. एकदा डावीकडे गोता, एकदा उजवीकडे. कसाबसा सावरला. समोरच्या चाळीवरून एक काळा पतंग वळला, थेट आमच्यावर आला. काका ओरडले, "ढील दी गो! ढील दी!" पण साधा दोरा तो, त्याला कसली ढील नि कसलं काय. माझ्या बोटांतली ओढ एकाएकी नाहीशी झाली. आमचा लाल पतंग, तेलाच्या खिडकीसकट, गिरणीच्या चिमणीकडे हेलकावत निघाला. समोरच्या गच्चीवर पत्र्याचे डबे वाजले.

पोराकडे बघायचा मला धीर होईना. मी सुटलेला दोरा उगाच गुंडाळत राहिले. वहिनीला आता कुठल्या तोंडानं भेटायचं, एवढंच डोक्यात. शेवटी बघितलं. त्याचे डोळे काठोकाठ भरले होते. तेवढ्यात काकांनी, गच्चीच्या त्या राजानं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गिरणीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "कापलो मा तुझो? माझो पण कापलो सकाळी."

पोरानं नाक सदऱ्याला पुसलं. माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि एकदम जिन्याकडे धावत सुटलं. मजल्यामजल्यावर त्याची आरोळी ऐकू येत होती. "आमचा कापला! आमचा पण कापला!" जणू नवस फेडून आलाय.

मी धापा टाकत खाली पोचले तोवर तो वहिनीपुढे उभा राहून दोन्ही हातांनी सगळी लढाई सांगत होता. काळा पतंग कसा आला, आपण कसे पळून गेलो नाही. वहिनीचे हात वड्यांच्या तिळगुळानं माखलेले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी दारातच हात जोडले.

"आई, आता दुसरा आण," तो म्हणाला. "बिनशेपटीचा."

वहिनीनं हात धुतले, पदरानं पुसले, आणि पायांत चपला सरकवल्या.

"वन्सं, वड्या तेवढ्या थापून घ्या," ती म्हणाली. "मांजा कुठे मिळतो ते त्या काकांना विचारते आणि जाऊन येते."