चाळीस मामांनी कबूल केलेला गुन्हा

एखाद्या माणसाच्या बाजूने लढायला उभं राहण्याआधी त्याला स्वतःला काय हवं आहे, हे तुम्ही कधी त्याला विचारलं आहे का? मी विचारलं नव्हतं. म्हणून आज चाळीस मामांबद्दल लिहिते आहे, आणि या वेळी जे घडलं तेवढंच लिहिणार आहे.

मामांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. धाड ते बुलढाणा या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालायची आणि तिचा काटा कधी चाळीसच्या पुढे जात नसे. मागून येणाऱ्या जीपा हॉर्न वाजवत निघून जायच्या, त्यांच्या मागच्या पायरीवर लोंबकळणारे प्रवासी मामांना हसून हात करायचे. आत बसलेलेही सोडत नसत. एकदा मागच्या सीटवरून एक बाई म्हणाल्या, "मामा, ट्रॅक्टर साइड मांगून राह्यला." मामा शांतपणे म्हणाले, "देऊन टाकू. त्याले घाई असन." कॉलेजच्या तीन वर्षांत माझा पहिला तास कितीदा बुडाला, त्याला गणती नाही.

सीट भरल्याशिवाय जीप निघत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मामांनी त्याला आपली एक अट जोडली होती: भरल्यावर एकही माणूस जास्तीचा नाही. पायरीवर कुणी नाही, टपावर कुणी नाही. निघण्याआधी ते खाली उतरून प्रत्येक दार हाताने दाबून बघत. आम्ही काय काचेचे आहोत का, असं कुणीतरी विचारायचंच. मामांचं उत्तर ठरलेलं असे. "गाडीत बसेल माणूस कोनाचं तरी असते, बाप्पा."

माझे बाबा पत्रकं लिहीत. मजुरीच्या दराची, पाण्याच्या टाकीची, धम्म परिषदेची. मी वाचायला शिकले ते त्या ओल्या शाईच्या कागदांवर. बाबांचे दोन नियम होते. अन्याय दिसला की लिहायचं, आणि लिहिलं की खाली स्वतःचं नाव टाकायचं. पत्रकांचे गठ्ठे मामाच जीपमधून आणून देत, आणि मी शेजारी बसले की त्यातलं एक वाचायला लावत. सगळं ऐकून एकदा म्हणाले, "तुहा बाप लिहिते बरोबर, पन लय जोरात लिहिते. माणूस कान झाकून घेते." मला इतका राग आला की आठवडाभर मी मागच्या सीटवर बसले.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीच्या दिवसांत, आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुणाला शेतात साप चावला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली होती. सोबतच्या सोंगणीवाल्या मजुरांनी त्याला गावच्या फाट्यावर आणून मामांच्या जीपमध्ये घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. मागून दुसऱ्या गाडीने त्याची आई आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर ती मामांकडे बघून म्हणाली, "चाळीसच्या गाडीत काऊन टाकलं माह्या लेकराले?"

मामा वळून जीपकडे गेले. ते वाक्य मात्र गावोगाव फिरलं. त्यांची जीप नंबरात पहिली उभी असली तरी लोक मागच्या गाडीत जाऊन बसू लागले. मामांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. खरं सांगते, तेव्हा माझ्याही मनात एकदा येऊन गेलं की दुसरी गाडी मिळाली असती, तर कदाचित.

पंधरा-वीस दिवसांनी मामांनी मला थांबवून मोबाइल पुढे केला. म्हणाले, "वाच बरं, माय." वेगमर्यादा मोडल्याचं चालान होतं. वेग सत्त्याऐंशी. मी हसलेच. चाळीस मामा आणि सत्त्याऐंशी! खाली तारीख होती, वेळ होती. मी ती वाचली आणि कोणता दिवस होता याचा विचार केला नाही. मामांनी दोनच गोष्टी विचारल्या. फोटोत गाडीचा नंबर दिसतो का, आणि हे सगळं कागदावर निघतं का. मला वाटलं, मामा लढायला तयार झाले.

बुलढाण्याला ओळखीच्या एका वकिलांकडे आम्ही गेलो. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. फोनवरून दंड भरून मोकळं व्हायचं. लोकअदालतीत जाऊन तडजोड करायची. नाहीतर कोर्टात उभं राहून म्हणायचं की यंत्र चुकीचं आहे, त्याच्या तपासणीचा दाखला दाखवा. तो दाखला वेळेवर सादर झाला नाही तर सुटका होऊ शकते. मामांनी विचारलं, कोर्टात खरं सांगायचं असलं तर? वकील म्हणाले, मग कोर्टात कशाला, फोनवरच भरा. मामा म्हणाले, "फोनवर भरलं तं सायबासमोर बोलता येत नाही ना. लेखी काही भेटत नाही." हा स्वाभिमान आहे असं मी धरून चालले, आणि तिसरी वाट मीच निवडली.

अर्ज मी लिहिला. अर्जदार कधीही ताशी चाळीसपेक्षा जास्त वेगाने वाहन चालवत नाही, यंत्राची नोंद सपशेल खोटी आहे, गोरगरिबांना यंत्राच्या तोंडी देणारी ही व्यवस्था आहे, असं तीन पानं. मामांना वाचून दाखवला नाही. जायची घाई होती, सही तेवढी घेतली. शिवाय एक पत्रक छापलं: 'आयुष्यात चाळीसच्या वर न गेलेल्या माणसावर वेगाचा गुन्हा!' खाली माझं नाव. धाडच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. बाबा असते तर त्यांना अभिमान वाटला असता, असं तेव्हा वाटत होतं.

तारखेला मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी अर्ज चाळला आणि मामांना विचारलं, यात लिहिलंय ते बरोबर आहे ना? मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"नाही सायब. अर्जात खोटं हाय. गाडी माही होती, म्याच पळवली. मशीन बरोबर हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी धाडचा बाजार होता, जीप भरलेली होती. फाट्यावर सोंगणीवाल्यांनी त्या तरुणाला आणलं तेव्हा मामांनी सगळ्या प्रवाशांना तिथेच रस्त्यावर उतरवलं, त्याला सीटवर आडवा केला, दोन मजूर त्याला धरून बसले आणि मामांनी जीप काढली. किती पळते ते काट्यावर बघितलंच नाही, म्हणाले. एवढे दिवस गप्प का राहिलात, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"माणूस पोचला नाही, सायब. म्या लय पळवली हे कोन्या तोंडानं सांगू? आता मशीननं सांगतलं. दंड घ्या, पन काऊन पळवली तेवढं लिहून द्या."

न्यायाधीशांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, कारण लक्षात घेऊन कमीत कमी दंड सांगितला. पुढच्या आरोपीचा पुकारा झाला. निकालाची नक्कल हातात आली तेव्हा मामांनी ती मला दोनदा वाचायला लावली. आरोपीने गुन्हा स्वेच्छेने कबूल केला, दंड सुनावला. एवढंच. असे निकाल छापील नमुन्यावर लिहिले जातात. कारणाला त्यात जागा नसते. "ते नाही काय त्यात?" मामांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "तू काई वाईट नाही केलं, माय. फक्त इचारलं असतं तं बरं झालं असतं."

पुढचं मला मामींनी सांगितलं, मामा गेल्यावर. तो कागद आणि मोबाइलमधला फोटो घेऊन मामा त्या तरुणाच्या घरी गेले होते. त्याच्या आईने दोन्हीकडे पाहिलं, मग आतून माझं पत्रक आणून मामांपुढे ठेवलं. म्हणाली, "तुमच्याच मानसानं छापलं ना, की तुम्ही जिंदगीत चाळीसच्या वर गेले नाही? मंग आता हे काय दाखवता?" मामा उठून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जीप काढली नाही. रोज सकाळी पुसायचे, चारही दारं हाताने दाबून बघायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. थंडी संपायच्या आत, तिथेच बसल्या जागी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मी त्या आईकडे जाऊन आले. तिने मला पाणी दिलं, माझं सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "तवा छापलं ते खरं, का आता सांगते ते?" जीपमध्ये बसलेल्या त्या दोन मजुरांना शोधायला मी जळगाव जामोदपर्यंत गेले. ते सातपुड्याच्या पायथ्याकडून आले होते एवढंच इथे लोकांना माहीत होतं. सोंगणीच्या टोळ्या कामाला येतात, काम संपलं की जातात. नावं कुणी विचारत नाही. ते सापडले नाहीत. तिचा मुलगा रेंगाळणाऱ्या गाडीत मेला असंच ती माउली रोज समजते आहे, आणि तिच्या त्या समजावर शिक्का मी मारला आहे.

पण मामांनी फाट्यावर उतरवलेले तुम्ही आठ-नऊ जण आहात; तुमची नावं, गावं मला माहीत नाहीत. बाजाराच्या पिशव्या घेऊन तुम्ही उन्हात उभे राहिलात आणि ती जीप कशी गेली, ते तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल, किंवा असा कुणी तुमच्या ओळखीचा असेल, तर एक करा. फाट्यावरून आत गेलात की पाण्याच्या टाकीजवळचं पहिलं घर त्या आईचं आहे. तिथे जा. माझं नाव सांगू नका. ओट्यावर बसा आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा की तिच्या लेकासाठी त्या माणसाने गाडी किती पळवली होती.