डागांची पिल्लं

माझा नवरा पगार घेऊन सूर्य बघायचा. लग्नानंतर हे वाक्य मी निदान हजार वेळा उच्चारलं असेल, आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "म्हणजे नेमकं करतात काय?" "डाग काढतात." "लाँड्री आहे का?" "नाही हो, कागदावर काढतात, पेन्सिलीनं." याच्या पुढे समजावण्याच्या भानगडीत मी पडत नसे, कारण मलाच ते अर्धंमुर्धं कळायचं.

तर ऐका. आमच्या क्वार्टरच्या मागे टेकाडावर गोल छपराची एक खोली होती. आत दुर्बीण. तिला डोळा लावायचा नाही, जळून जाईल. तिच्यातून येणारा उजेड खाली पाटावर ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर पाडायचा. कागदावर जेवणाच्या ताटाएवढा सूर्य उमटतो, कडेनं थरथरत असतो, आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ते डाग. आमचे हे सकाळी आठला स्टुलावर बसायचे आणि जिथे डाग दिसेल तिथे तो कडक पेन्सिलीनं जसाच्या तसा काढायचे. खाली तारीख, वेळ, हवा कशी होती ते, आणि सही. एकतीस वर्षं हेच. ढग आले की घरात दिवसभर चिडचिड, आणि ती सोसायला मी आहेच.

"अहो, आता कॅमेरे आलेत ना?" मी एकदा म्हटलं.

"कॅमेरे बदलत राहतात," हे म्हणाले. "शंभर वर्षांपूर्वीची चित्रं हातानं काढलेली आहेत. त्यांच्याशी ताडायचं तर आजचंही हातानंच काढायला हवं."

मला हे पटलं की नाही, ते आजही सांगता येणार नाही. मुख्य कार्यालयातल्या साहेबांना मात्र अजिबात पटलेलं नव्हतं. त्यांनी तोंडावर सांगून ठेवलं होतं, "तुम्ही आहात तोवर ही जागा. तुमचा हात नाहीतर नजर गेली, की खोलीला कुलूप." निवृत्तीला चार वर्षं उरली होती. त्या चार वर्षांत कुणीतरी नवीन माणूस हाताखाली तयार करायचा, एवढंच ह्यांच्या मनात होतं, आणि साहेब माणूस देत नव्हते.

त्या वर्षी वर अंतराळ स्थानकात दोघं जण राहायला होते, एक बाई आणि एक पुरुष. एकदा साडेनऊच्या सुमाराला हे धावतच घरी आले. मला वाटलं, खोलीला आग लागली.

"गेलं! माझ्या कागदावरून गेलं!"

"काय गेलं?"

"स्थानक! सूर्याच्या समोरून. एवढंसं, मुंगळ्याएवढं. पंखांसकट दिसलं. एका सेकंदात इकडून तिकडे!"

मी भाजी चिरत होते. मी विचारलं, "आणि आत ती दोघं होती?"

"होती ना!"

माझ्या डोक्यात काही केल्या बसेना. जेवणाच्या ताटाएवढा सूर्य, त्यावरून मुंगळा गेला, त्या मुंगळ्यात दोन जिवंत माणसं, आणि शेजारच्या ठिपक्यात म्हणे आपली पृथ्वी सहज बुडून जाईल. मग लहान कोण आणि मोठं कोण? ह्यांनी कागद-पेन्सिल घेऊन मला तासभर समजावलं. शेवटी मी "हो, कळलं" म्हटलं, कारण भाजी राहिली होती.

तेव्हापासून मात्र ती दोघं ह्यांच्या नात्यातलीच झाली. स्थानकात काही बिघडलं की त्यांना जाडजूड पोशाख चढवून बाहेर यावं लागतं. आणि नेमका तेव्हाच सूर्यावरचा एखादा माजलेला डाग फुटला, तर जो किरणांचा मारा येतो तो त्या पोशाखाला जुमानत नाही. म्हणून उड्डाण केंद्रातली माणसं आधी सूर्याची खबर घेतात. उपग्रहाचा कॅमेरा असतोच, शिवाय हातानं चित्रं काढणारी चार-पाच ठिकाणं. त्यात आमचं टेकाड.

घोळ सुरू झाला तो एका सोमवारी. चित्रं मोजून डागांची संख्या केंद्राला कळवायला एक मुलगी होती. आम्हाला काका-काकू म्हणायची. आम्ही तिला मोजणीवाली म्हणायचो. ती दुपारी फूटपट्टी घेऊन घरीच आली.

"काका, आपली संख्या बाकीच्यांपेक्षा जास्त येतेय. तीन दिवस झाले."

"बाकीच्यांचे डोळे फुटलेत," हे म्हणाले.

"तसं नाही काका. आपल्या प्रत्येक मोठ्या डागाला उजवीकडे एक पिल्लू आहे. सगळी पिल्लं आईपासून सारख्याच अंतरावर. हे बघा, पाच मिलिमीटर. इथे पाच. इथेही पाच."

ह्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. सूर्य असं करत नाही, हे त्यांनाही कबूल होतं. पण दिसत होतं त्याला काय करणार? मग शोध सुरू झाला. भिंगं पुसली. कागद बदलला. खात्री करायची ह्यांची एक जुनी रीत होती, कागद हलवून बघायचा. ठिपका कागदाबरोबर सरकला तर तो कागदाचा, जागच्या जागी राहिला तर सूर्याचा. पिल्लं जागची हलत नव्हती. म्हणजे सूर्याचीच! मग बाकीच्या चार ठिकाणी का दिसत नाहीत? मोजणीवाली रडकुंडीला आली. मी म्हटलं, "तुमच्या दुर्बिणीला वेड लागलंय." त्यावर दोन दिवस माझ्याशी अबोला.

बुधवारी जेवताना हे ताटातून काहीतरी चिमटीनं उचलायला लागले. "मुंगी आहे," म्हणाले. मुंगी नव्हती. गुरुवारी पुन्हा मुंगी. मी पुसलेल्या, लख्ख स्टीलच्या ताटात! मला आधी रागच आला. मग एकदम मनात आलं, कागदावरची पिल्लंही या मुंगीसारखीच तर नसतील?

मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. "तो खिळा दिसतो? त्याच्याकडेच बघा. आणखी काय दिसतं?"

"शेजारी दुसरा खिळा आहे की. उजवीकडे."

भिंतीला खिळा एकच होता.

ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून नावाचाच. सगळं काम उजव्यावर. आणि ह्यांच्या गुरुजींनी शिकवलेली रीत अशी, की नजर मोठ्या डागावर रोवायची आणि हलवायची नाही, फक्त पेन्सिल फिरवायची. उजेड थरथरत असतो, बारीक ठिपके डोळ्याच्या कडेलाच पकडता येतात म्हणे. एकतीस वर्षं त्यांनी नजर हलवली नव्हती. म्हणून डोळ्यातला ठिपका त्यांना सूर्यावर दिसला. दुसरा कुणी असता तर इकडे तिकडे बघून एका मिनिटात ओळखलं असतं.

"अहो, ते तुमच्या डोळ्यात आहे," मी म्हटलं.

"एकतीस वर्षं सूर्य मी बघतोय की तू?"

पण त्यांनी खिळ्याकडे पुन्हा पाहिलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, आणि खाली बसले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. ते म्हणाले, डॉक्टरकडे गेलं की कागद होणार, कागद साहेबांकडे जाणार, की कुलूप. "थोडं थांब. आता मला कळलंय ना, पिल्लं खोटी आहेत. ती काढायची नाहीत, झालं."

मी गप्प बसले. का बसले, ते मला नीट सांगता येत नाही. एकीकडे वाटायचं, जाऊ दे ती जागा खड्ड्यात, डोळा वाचला पाहिजे. दुसरीकडे त्यांचं तोंड बघवेना. शुक्रवारी संख्या बाकीच्यांशी जुळली. शनिवारीही तंतोतंत. मोजणीवाली खूश होऊन भावाच्या लग्नाला सुटीवर गेली. हेही शांत होते. मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

रविवारी सव्वादहाला टेकाडावरून हाक आली, "अगं ए, वर ये! लवकर!" एकतीस वर्षांत त्यांनी मला कामाच्या वेळी वर बोलावलं नव्हतं. मी साबणाच्या हातांनीच पळाले.

आत अंधार होता. पाटावर सूर्य उजळलेला, टेबलावर फोन चालूच, त्यातून कुणीतरी बोलत होतं. ह्यांनी मला भराभर सांगितलं. अकरा वाजता वरची दोघं बाहेर पडणार होती. उपग्रहाचा कॅमेरा बिघडलेला, तीन ठिकाणी ढग. एका ठिकाणाहून कळवलं होतं, मोठ्या डागाच्या उजव्या अंगाला काल दुपारपासून नवा डाग आहे आणि झपाट्यानं वाढतोय. ह्यांच्या कालच्या चित्रात तो नव्हता, आजच्यातही नव्हता. केंद्राला एवढंच हवं होतं, आहे की नाही?

"उजव्या अंगाला," हे म्हणाले. "नेमकं तिथेच. मला कळत नाही गं. तो आहे की माझा आहे?"

"मग नजर हलवून बघा ना! आता तर कळलंय तुम्हाला!"

"हलवली. सगळीकडे आहे." त्यांनी डोळा चोळला. "पसरलाय तो. परवापासून. जिथे बघायला जातो तिथे धूर."

परवापासून धूर, आणि काल संख्या तंतोतंत? पण आधी फोनवरचा माणूस. मी पाटावर वाकले. मोठा डाग दिसला, काळाकुट्ट, भोवती राखाडी झालर. त्याच्या उजवीकडे एक ठिपका होता, खसखशीएवढा, आणि त्याला चिकटून आणखी दोन. माझं मलाच खरं वाटेना. हे माझ्या डोळ्यातलं तर नाही? मी नजर हलवली. ठिपका तिथेच. कागद धरून हलवला. ठिपका तिथेच.

"आहे," मी म्हटलं. "एक नाही, तीन आहेत."

"नक्की?"

"अहो, मला यातलं काय कळतं! पण आहेत!"

त्यांनी फोन उचलला. "हॅलो. डाग आहे. शेजारी आणखी दोन आहेत. हो, आज. काल होता का, ते मी सांगू शकत नाही." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग एकेक शब्द सुटा करून बोलले, "कालचं, परवाचं आणि आजचं चित्र रद्द करा. ती मी बघून काढलेली नाहीत. गुरुवारचे डाग रोजच्या चालीनं पुढे सरकवून काढली आहेत. माझी नजर गेली आहे."

मग मला त्या जुळलेल्या संख्येचा उलगडा झाला. सूर्य फिरतो, डाग रोज ठरावीक सरकतात, हे मलाही माहीत होतं. एकतीस वर्षं काढणाऱ्याला उद्याचं चित्र आज काढता येतं. जुने डाग सगळे बरोबर येतात, म्हणून संख्या जुळली. नवीन आलेला तेवढा त्यात कधीच येणार नाही.

तिकडचा माणूस रागावला नाही. त्यानं आणखी कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगितलं, मग म्हणाला, आज बाहेर पाठवत नाही. तो डाग पुढे फुटला की नुसताच विरून गेला, ते आम्हाला कुणी कळवलं नाही.

"पाहणाऱ्याचं नाव काय लिहू?" त्यानं विचारलं.

"माझ्या बायकोनं पाहिला," हे म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला ह्यांचा गळा धरावासा वाटला आणि ह्यांना पोटाशीही धरावंसं वाटलं. साहेब, कुलूप, डॉक्टर, सगळं एकदम डोक्यात गोळा झालं. "मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले. "मला तरी सांगायचं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या कानाच्या बाजूला, जरा पलीकडे, दाराकडे बघावं तसं.

"इकडे बघा, मी बोलतेय!"

"तुझ्याकडेच बघतोय," हे म्हणाले. "सरळ बघितलं तर तू दिसत नाहीस."