पटाच्या वळणावरची पराणी

"माया पोराच्या पायात सळई टाकून राहिले तिकडं, अन् तुम्ही या कुत्र्याले चाय पाजून राहिले? काऊन, साहेब? जावई आहे का तुमचा?"

बाईचा आवाज असा, की ठाण्याच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट छत्तीसगडात उतरली असतील. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण विसरू म्हटलं तरी विसरत नाही ती ही सकाळ.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं ते गाव. नाव सांगत नाही. तिथला शंकरपट पणजोबांपासूनचा. धान कापून झालं की शिवारात सरळ दान आखायची, म्हणजे बैलजोड्या पळवायची पट्टी, आणि दोन्ही कडांना माणूस दाटायचा. बैलांच्या पटावर बंदी आली तसं गाव सुतकात गेलं. मग पोरांनी त्याच दानीवर मोटारसायकली पळवल्या. पट समितीच्या अध्यक्षाला हुरूप आला. त्याने धुरे, म्हणजे शेतांचे बांध, फोडून सरळ दान गोल केली आणि शेवटचं वळण नेमकं पाहुण्यांच्या मंचासमोर आणलं. फोटो चांगले यावेत ना! लाकडाच्या बल्ल्या बांधून गर्दी मागे ठेवावी, हे मात्र त्याला सुचलं नाही.

आदल्या दुपारी त्याच वळणावर या बाईचा मुलगा गाडीसकट उडाला. मागून शेजारच्या गावचा पोरगा येत होता. अध्यक्ष माईकवरून ओरडला, "त्यानंच लाथ मारली!" झालं. आमची जीप पोचेपर्यंत गावाने त्याचं तोंड भोपळ्याएवढं करून ठेवलं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. गुन्हा नावावर चढला असता तर खाकी अंगावर येण्याआधीच फाटली असती. बाहेर सोडावं तर लोक चटणी करतील, म्हणून चौकशीसाठी ठाण्यातच बसवला होता.

"लाथ मारली?"

"नाही, साहेब. तो एकदम दचकला अन् पडला."

कितीदा विचारलं, तेच उत्तर. त्या सकाळनंतर दुपारी फोन वाजला. "लाथ नाही, साहेब. गर्दीतून काठी आली." नाव विचारेपर्यंत फोन कट. मी दवाखान्यात डॉक्टरांना पडलेल्या पोराची कमर बघायला लावली. कमरेवर बारीक, गोल भोक निघालं. असली भोकं मी हजार बैलांच्या ढुंगणांवर पाहिली होती, माणसावर पहिल्यांदाच. ते पराणीचं काम, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीचं.

बाईसोबत तिचा भाऊ आला होता. जोडी हाकणारा म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला धुरकरी. सकाळपासून आमच्या लिंबाखाली बसून त्या पोराला फाशी मागत होता. बैल विकले होते, पण पराणी मांडीवर आडवी.

आत बोलावला. जबाबाचं नावही न काढता पटाच्या गोष्टी काढल्या.

"मामाजी, जोडी मंदावली तर काय करता?"

"लावतो पराणी. बैल समजते."

"अन् भाच्याची गाडी?"

"मंदावली होती ना, साहेब! त्या वळणावर. मागचा जवळ येऊन राहिला होता. म्या हाकललं, हाऽर्र, अन् जराशी…"

हात हवेतच राहिला. बहीण दारात उभी होती.

अध्यक्षाला बोलावलं. तो म्हणतो कसा, "मी मंचावरून पाहिलं होतं, साहेब. पण आपल्या गावचा माणूस कसा सांगू? पट बदनाम झाला असता." मी टेबलावर अशी थाप हाणली की भिंतीवरचं घड्याळ घाबरून दहा मिनिटं मागे गेलं. मामाचा जबाब घेतला, आणि अध्यक्षावर निष्काळजीपणाचा गुन्हा पहिला चढवला.

पिढ्यान् पिढ्या कडेला उभं राहून बैल डिवचणारे हात, दान गोल केली म्हणून खिशात जातील? पट्टी बदलण्याआधी कडेची माणसं बघावीत, एवढं त्या प्रकरणात शिकलो. मामाचा राग मला तेव्हाही आला नाही. राग त्या माईकचा येतो, अजून येतो. पाहिलं एक, ओरडला दुसरंच, आणि मार खाल्ला तिसऱ्याने.

संध्याकाळी पोराला सोडलं. पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जा, नावावर काही नाही. आता भरती मार."

बुटाची नाडी बांधत तो म्हणाला, "धावण्याची चाचणी आज सकाळीच होती, साहेब."